सोळा किलोमीटरच्या आत

पहाटे साडेपाच

गजराआधीच फोन वाजला. पलीकडे एक तरुण आई, कडेवर रडणारं बाळ. "मॅडम, अणुवीज केंद्रातून गॅस सुटलाय म्हणे. त्या आयोडीनच्या गोळ्या आहेत का तुमच्याकडं? बाळाला देऊ का?"

तोच निरोप रात्रीतून माझ्याही फोनवर वेगवेगळ्या गटांतून येऊन पडला होता. मुलांना बाहेर काढू नका, दूध पाजू नका, जमेल त्यांनी गुजरातकडे निघा. खाली ना कुणाचं नाव, ना वेळ.

रात्री वास आला होता हे खरं. उग्र, घशाला झोंबणारा. वारा पूर्वेकडून, औद्योगिक वसाहतीच्या बाजूने होता. मी तिला आधी बाळाचं विचारलं: श्वास लागतोय का, डोळे लाल आहेत का, दूध ओढतंय का. मग सांगितलं की, वास आला म्हणजे तो कसल्या तरी रसायनाचा. किरणोत्सर्गाला वास नसतो, रंग नसतो, तो घशाला झोंबत नाही. खिडक्या लावून घे, डोळे स्वच्छ पाण्याने पूस, साडेआठला बाळाला घेऊन ये. गोळी मात्र देऊ नकोस.

"म्हणजे केंद्रात काही झालं नाही ना?"

या प्रश्नापाशी मी दरवेळी अडते. वासाबद्दल मी ठामपणे बोलू शकते. केंद्राच्या आत काय झालं किंवा नाही झालं, हे मला तिच्याइतकंच ठाऊक असतं. "मला तसं काही कळलेलं नाही," एवढंच मी म्हणाले.

सात

दवाखान्यात जाताना मी किनाऱ्याचा रस्ता धरते. एप्रिल आहे. वलांड्यांवर बोंबील टांगलेत, बायका वाळलेले काढून टोपल्या भरताहेत. दक्षिणेला केंद्राच्या इमारती दिसतात. इथे राहणाऱ्याला त्या वेगळ्या अशा दिसतच नाहीत, इतक्या सवयीच्या झाल्यात.

तारापूरचं अणुवीज केंद्र देशातलं पहिलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन भारतीय भट्ट्या आल्या. त्या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. नियमाप्रमाणे केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा परिसर आणीबाणीच्या नियोजनाचा मानतात. त्याचे सोळा भाग पाडतात, म्हणजे वारा ज्या दिशेला असेल त्या भागातल्या लोकांना आधी हलवता येतं. माझा दवाखाना, माझं घर, बोईसर स्टेशन, औद्योगिक वसाहतीतले हजारो परप्रांतीय कामगार, ही सगळी माणसं त्या वर्तुळात येतात. आपण कोणत्या भागात आहोत, हे मी आजवर अनेक रुग्णांना विचारलं आहे. सांगता आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

साडेआठ

सकाळचं बाळ आधी तपासलं. छाती स्वच्छ, डोळे थोडे लाल. रात्रीच्या वासाने खोकल्याचे आणखीही रुग्ण आलेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वांत वर होती. दमा, त्वचेची खाज, जळजळणारे डोळे, माझ्याकडे रोज येणाऱ्या या तक्रारींचं कारण शोधायचं तर आधी तिकडे पाहावं लागतं. तरी बाकावर बसलेली माणसं बोलतात ती केंद्राबद्दलच. कारखान्याचा वास येतो, नाल्याचा रंग दिसतो, कामगारांकडून आतलं कळतं. केंद्राचं काहीच कळत नाही. त्यामुळे घडेल ते सगळं त्याच्याच खात्यावर जमा होतं.

पुढची रुग्ण पोफरणहून उठून आलेली आजी. गुडघे सुजलेत. त्यांचं जुनं घर समुद्राच्या कडेला होतं. होडी दारात लागायची, भरती-ओहोटीवर दिवस चालायचा. नव्या वसाहतीतून समुद्र लांब पडला आणि मुलगा कारखान्यात हमालीला लागला.

मी त्यांना गोळ्या लिहून देत होते. बाहेर गॅसची चर्चा चालू होती. आजी म्हणाल्या, "बाय, मला एक सांग. नव्या घराचं छप्पर गळणार नाही म्हणून सांगितलेलं. पहिल्याच पावसाला टोप मांडून बसलो. आता सांगतात, भट्टी गळणार नाही."

बोलण्यात चीड नव्हती. हिशेब मांडावा तशा त्या बोलत होत्या. छप्पर बांधणारे वेगळे, भट्टी चालवणारे वेगळे, दोघांची खाती वेगळी, हे मला समजावून सांगता आलं असतं. पण आजींच्या दारात फाइल घेऊन येणारा प्रत्येक माणूस 'सरकारातून' येतो. घर, नोकरी, पाणी, मासेमारीचा हक्क यांबद्दल दिलेले शब्द या लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर मोजलेत. किरणोत्सर्ग त्यांना मोजता येत नाही, म्हणून जे मोजता आलं त्यावरून त्यांनी माणसं पारखली. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. माझे रुग्ण मलाही असंच पारखतात. सर्दीचं निदान बरोबर आलं, तर हृदयाचं बोलणं ऐकतात.

साडेअकरा

गर्दी ओसरली तशी मागे बसलेला एक पोरगा आत आला. केंद्रात कंत्राटदाराकडे कामाला आहे. अंगदुखी म्हणून आला होता. दुखणं वेगळंच निघालं. सोयरीक मोडली होती. मुलीकडच्यांनी कुणाला तरी विचारलं, 'तो आत काम करतो, मूलबाळ होईल का?'

मी त्याला बॅजबद्दल विचारलं. तो म्हणाला, आत जाताना बॅज लावतो, त्यावर किती मात्रा लागली ते नोंदतात, विचारलं तर आकडा सांगतात. मी वहीवर लिहून दाखवलं. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला केंद्रामुळे वर्षाला १ च्या वर लागता कामा नये. आणि जमीन, आकाश, अन्न यांतून जगभर प्रत्येकाला सरासरी २.४ लागतातच. त्याचा आकडा त्याला तोंडपाठ होता, मर्यादेच्या कितीतरी खाली. एवढ्या मात्रेने वंध्यत्व येत नाही, हे मी त्याला निश्चितपणे सांगितलं.

"मला पटतं हो. माझा आकडा मला दिसतो. त्यांना काय दाखवू?"

त्या कागदावर मी सही करून दिली. उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही.

दुपारी एक

जेवायला उठणार तोच एक कुटुंब आलं. बाई चाळिशीतली. स्तनात गाठ. गेले काही महिने लपवून ठेवलेली. हाताला लागली तशी मी तेव्हाच चिठ्ठी लिहायला घेतली. नवऱ्याने विचारलं, "केंद्रामुळे झालं का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि मी दरवेळी तेच उत्तर देते, कारण दुसरं प्रामाणिक उत्तर नाही. एका माणसाचा कर्करोग कशामुळे झाला हे त्या माणसाकडे पाहून सांगता येत नाही. गावागावात दरवर्षी किती, कुठल्या वयात, कुठल्या अवयवाचे, हे कुणीतरी वर्षानुवर्षं मोजावं लागतं. मग लांबच्या, केंद्र नसलेल्या गावांशी ताडून पाहावं लागतं. मशेरी, तंबाखू, कारखान्यांची रसायनं, वाढलेलं आयुष्य, सगळं वजा करावं लागतं. माझ्या दवाखान्यातल्या वह्यांवरून 'केंद्रामुळे वाढला' असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. 'केंद्रामुळे मुळीच नाही' असं म्हटलं तरी ते माझ्या अधिकारात बसत नाही.

"परळला जा," मी म्हणाले. "टाटाला." नवऱ्याने मान डोलावली. इथे टाटा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. डहाणू लोकल, दादर, तिथून परळ, हा रस्ता घराघराला माहीत आहे. पैसे नसले तरी, रांग कितीही असली तरी, माणसं तिथल्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानतात.

ते टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत आहे. ज्या विभागाच्या आश्वासनावर माझ्या बाकावरचा कुणी विश्वास ठेवत नाही, त्याच विभागाच्या इस्पितळात तो आपल्या बायकोचा जीव निःशंकपणे सोपवतो. हे मला कळलं तेव्हापासून मी त्याचा विचार करते आहे. लोकांना विज्ञान नको आहे, सरकारी म्हटलं की सगळंच खोटं वाटतं, असली स्पष्टीकरणं इथे लागू पडत नाहीत. टाटात फाइल रुग्णाच्या हातात असते. गाठ वाईट आहे, पसरली आहे, सहा महिने आहेत, हेही तोंडावर सांगतात. जिथे वाईट बातमी दडवत नाहीत, तिथल्या 'काळजीचं कारण नाही' या शब्दांना वजन येतं. केंद्राच्या बाबतीत गावाने फक्त 'काळजीचं कारण नाही' एवढंच ऐकलंय, इतक्या वर्षांत दुसरं काही नाहीच.

साडेतीन

प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत आशाताई जमल्या आहेत. महिन्याच्या बैठकीत आज मला आणीबाणीवर बोलायचं होतं. रात्रीच्या निरोपामुळे सगळ्यांच्या फोनना विश्रांती नव्हती, त्यामुळे कान टवकारलेले होते.

आयोडीनची गोळी काय करते ते आधी सांगितलं. अपघातात जे किरणोत्सर्गी आयोडीन हवेत सुटतं ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. गोळीतलं साधं आयोडीन आधीच पोटात गेलं, तर ग्रंथी भरून जाते आणि वाईट आयोडीनला जागा उरत नाही. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, लहानांना वयाप्रमाणे कमी. आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तरच उपयोग. ती फक्त थायरॉइड वाचवते, बाकी कशापासून नाही, आणि उगाच घेतली तर अपाय होऊ शकतो. म्हणून आदेश आल्यावरच घ्यायची. तोवर घरात थांबायचं, दारं-खिडक्या लावायच्या, उघड्यावरचं पाणी आणि ताजं दूध टाळायचं.

एका ताईंनी हात वर केला. "आदेश देणार कोण?"

"जिल्हाधिकारी."

"आणि त्यांना कोण सांगणार?"

"केंद्र."

खोलीत कुणी हसलं नाही. ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मी घरोघर जाऊन सांगेन. लसीच्या वेळी बायका माझ्या तोंडाकडे बघून पोरांना घेऊन आल्या. उद्या मी म्हटलं गोळी घ्या, घेतील. मी म्हटलं काही झालं नाही, तेही मानतील. पण खोटं निघालं तर पुन्हा मला उंबऱ्यात घेणार नाहीत."

मी त्यांना चेर्नोबिलचं सांगितलं, कारण या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री भट्टी फुटली. शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. तोवर मुलं अंगणात खेळत होती. जगाला बातमी कळली ती २८ तारखेला, तीही स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्राच्या मोजणी यंत्रांनी परकी धूळ पकडली म्हणून. आसपासच्या गावांतली मुलं गायींचं दूध पीत राहिली. गायींनी खाल्लेल्या गवतावर तेच आयोडीन होतं. किरणोत्सर्गी आयोडीनचं बळ आठ दिवसांत निम्मं होतं. म्हणून काही आठवडे दूध बंद ठेवलं असतं, तर पुढे हजारो मुलांना झालेला थायरॉइडचा कर्करोग बराचसा टळला असता. शेजारच्या पोलंडने मॉस्कोच्या खुलाशाची वाट न पाहता एक कोटीच्या आसपास मुलांना काही दिवसांत आयोडीन पाजलं. तिथल्या डॉक्टरांकडे स्वतःचे आकडे होते.

"म्हणजे आपल्याकडेही आपले आकडे पाहिजेत," ताई म्हणाल्या. आज दिवसभरात मी ऐकलेलं सर्वांत नेमकं वाक्य हे.

संध्याकाळी सात

रक्तदाब तपासायला येणारे एक निवृत्त अभियंते आले. आयुष्य केंद्रात गेलं. मी त्यांना काका म्हणते. मेसेज त्यांनीही पाहिला होता आणि ते दुखावले होते. "आम्ही रात्री-अपरात्री जिवाचं रान केलं. आमचीही मुलंबाळं इथेच वाढली. आम्ही काय बेजबाबदार होतो?"

नव्हते, हे मला माहीत आहे. त्यांच्याइतका नियमाने औषधं घेणारा रुग्ण माझ्याकडे दुसरा नाही. फुकुशिमानंतर वीज गेली, पंप बंद पडले तर बाहेरून पाणी सोडता यावं म्हणून काय काय बसवलं, हे ते तासभर सांगू शकतात. मी ऐकते आणि बरंचसं मानतेही. पण फुकुशिमातले लोकही कामात चोख होते. २००८ मध्ये कंपनीच्याच माणसांनी हिशेब करून १५.७ मीटर उंच लाट येऊ शकते असं दाखवलं होतं. तो हिशेब कपाटात राहिला, आणि २०११ च्या ११ मार्चला लाट आली. जपानच्या संसदेच्या चौकशी आयोगाने पुढे त्या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटलं.

"आपल्याकडे तसं नाही," काका म्हणाले.

मी कैगाच्या अणुवीज केंद्राचं नाव काढलं. १९९४ च्या मे महिन्यात बांधकाम चालू असताना भट्टीवरच्या घुमटाचा भाग कोसळला. त्याच कैगाला २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते सापडलं. नरोऱ्याच्या केंद्रात १९९३ मध्ये टर्बाइनला आग लागून वीज गेली. इथून फार लांब नसलेल्या काक्रापारच्या केंद्रात ११ मार्च २०१६ ला शीतक गळलं. अणुऊर्जा नियामक मंडळाचे एके काळचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी केंद्रांमधल्या त्रुटींची लांबलचक यादी केली आणि पद सोडल्यावर त्याबद्दल उघडपणे बोलत राहिले. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी लिहिलं की, ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्यापासून हे मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही. कायदे बदलतात, पण गावाने तेव्हा वाचलेलं विसरलेलं नाही. यातल्या कुठल्याही घटनेत गावंच्या गावं आजारी पडली नाहीत, हे मी काकांना स्वतःहून म्हणाले. ते सांगितलं नाही तर मीही तेच करतेय, अर्धं सांगणं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आम्ही मोजतो की. पर्यावरण प्रयोगशाळा आहे. गावांतून दूध नेतात, भाजी नेतात, मासे, समुद्रातलं शेवाळ, माती. सगळं तपासतात. आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली असतात."

"काका, ज्या काकीकडून बोंबील नेले, तिला तो आकडा कधी कळतो?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "अहवालात असतो," म्हणाले. मग स्वतःच, "इंग्रजीत."

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आज ते त्यांच्यापुढे मला नीट मांडता आलं. आकडे चांगले असतील तर ते काकीच्या दारात जाऊ द्या. बोंबील कोणत्या तारखेला नेले, कुठून नेले, काय सापडलं, मागच्या वर्षी किती होतं, मर्यादा किती, हे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. एखाद्या वर्षी वाढला तर त्याच फळ्यावर वाढलेलाही लिहा, कारणासकट. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाला त्याच टोपलीतला अर्धा बोंबील द्या आणि त्यांचा आकडा शेजारी मांडा. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरात धक्के सुरू झाले, तेव्हा लोक रात्री अंगणात झोपले. अशा वेळी 'केंद्र सुरक्षित आहे' या वाक्याने कुणाला झोप लागली नाही. किती धक्का बसला, भट्टीचं बांधकाम किती सोसतं, कुठल्या मर्यादेला ती आपोआप बंद पडते, हे कुणी मराठीत बसून सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. आमच्याकडे डायमेकिंग करणारी, म्हणजे साचे कोरणारी पोरं केसाइतक्या बारीक मापाचं काम करतात. मोजमाप म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही.

"परवानगी मिळणार नाही," काका म्हणाले.

"मागितली आहे का कुणी?"

त्यांनी रक्तदाबाची वही मिटली. उतरताना पायरीवर थांबून म्हणाले, "मागायची तर नमुना कसा घेतात ते आधी नीट लिहावं लागेल. मी सांगेन."

रात्री साडेनऊ

बाळाच्या आईचा फोन: खोकला कमी आहे, दूध प्यायलं. वास कुठल्या कारखान्याचा होता ते अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याची तक्रार उद्या मी वेगळी करणार आहे, कारण आजचा त्रास त्यानेच झाला आणि केंद्राच्या भीतीत तो बुडून जायला नको.

जेवणानंतर सरपंचबाई आल्या. दोघींनी मिळून ठरावाचा मसुदा केला. गावातून घेतलेल्या दूध, मासळी, भाजी आणि पाण्याच्या प्रत्येक नमुन्याचा निकाल, मागील पाच वर्षांचा आणि यापुढचा, गावाच्या नावानिशी, मराठीत, ग्रामपंचायतीस मिळावा. गावातल्या कर्करोगाच्या रुग्णांची वर्षवार संख्या, नावं वगळून, जाहीर व्हावी. आणीबाणीच्या सोळा भागांपैकी आपलं गाव कितव्यात, बस कुठे लागणार, गोळ्या कोणाच्या ताब्यात, हे फलकावर लागावं. सराव होईल तेव्हा आशाताईंना त्यात घ्यावं. 'नमुना घेताना ग्रामपंचायतीचा एक सदस्य हजर असावा' हे कलम सरपंचबाईंनी घातलं. मला ते सुचलं नव्हतं.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव यायचा आहे. सूचक म्हणून पोफरणच्या आजींना विचारायचं होतं, पण त्या दुसऱ्या ग्रामपंचायतीत येतात. तेव्हा तोच मसुदा त्यांच्याकडेही पाठवायचा ठरलं. इथे बोंबील विकणारी काकी सूचक व्हायला तयार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. काकांना उद्या विचारते.